ऐकलं तेवढंच लिहायचं

खोली भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात याचा मला दांडगा अनुभव होता. आडनाव विचारतात, मटण खाता का विचारतात, लग्न का झालं नाही तेही विचारतात. केज तालुक्यातल्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी रुजू झाले तेव्हा तीन घरी ह्याच प्रश्नांची उत्तरं देऊन माझं डोकं फिरलं होतं. चौथ्या घराचे मालक दारातच उभे होते. सत्तरीचा माणूस, अंगात धुतलेला पांढरा सदरा, गळ्यात जुनाट हेडफोन. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "मोबाइलचं चार्जर कोणतं हाय?"

मला वाटलं, त्यांना वापरायला हवंय. मी पिशवीतून काढून दिलं. ते घेऊन आत गेले, भिंतीवरच्या बोर्डात लावलं आणि टेबलावरच्या एका हिरव्या लोखंडी पेटीपुढे बसले. पेटीतून फोडणीतली मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला. चार्जर काढलं, आवाज थांबला. पुन्हा लावलं, पुन्हा सुरू झाला.

"खोली तुमची," ते म्हणाले. "पण हे चार्जर ह्या घरात चालायचं न्हाई. कुठं घेतलं? ष्टँडवर?"

ष्टँडवरच घेतलं होतं. त्यांनी मला आपलं एक जुनं चार्जर दिलं, माझा मिक्सर आणि टेबलफॅन यांचीही अशीच परीक्षा घेतली, आणि मिक्सर फक्त सकाळी नऊनंतर लावायचा या अटीवर पास केला. आडनाव त्यांनी महिनाभरानं विचारलं. तेही माझं पत्र आलं आणि पोस्टमनला काय सांगायचं असा प्रश्न पडला म्हणून.

गाव त्यांना तारमास्तर म्हणायचं. मी नाना म्हणायचे. सगळी नोकरी तार ऑफिसात गेलेली. बौद्धवाड्यातून सरकारी नोकरीत गेलेला पहिला माणूस, आणि त्याचा त्यांना ताठा होता. तो त्यांनी कधी लपवलाही नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरकारनं तारसेवाच बंद केली. लोक हळहळायला आले तर नाना म्हणाले, "तार बंद केली त्यांनी. माझे कान कुठं बंद केले?"

आणि ते हैदराबादला जाऊन ती पेटी घेऊन आले. पेटी म्हणजे कुठल्या तरी जुन्या पलटणीचा मोडीत निघालेला रेडिओ. भंगार बाजारात तो एका पंक्चरवाल्याच्या दुकानी टायरांच्या ढिगाखाली पडला होता. उचलायला दोन माणसं लागायची. आत काचेचे दिवे, बाहेर वाटीएवढ्या दोन मुठी आणि अर्धी घासली गेलेली इंग्रजी अक्षरं. परतताना कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. नाना म्हणाले, पलटणीचा माणूस टपावर बसत नाही. त्यांनी त्याचं वेगळं तिकीट काढलं, त्याला खिडकीशी बसवलं, आणि एक उभी असलेली बाई जागा मागायला लागली तेव्हा स्वतःची जागा तिला देऊन आपण लातूरपर्यंत उभे राहिले. ही हकीकत मावशी, म्हणजे त्यांची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. "लग्नात मला बैलगाडीत मागं बसवलतं," असं शेवटी जोडायच्या.

ह्या रेडिओवर गाणी लागत नसत. जगभर हौशी लोक असतात, घरात स्वतःचं छोटं स्टेशन उभारून एकमेकांशी बोलतात. कुणी तोंडानं, कुणी तारेच्या जुन्या कडकट्ट भाषेत. नाना ते ऐकायचे. फक्त ऐकायचे. स्वतः बोलायचा परवाना काढायचा त्यांनी कधी विचार केला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बोलणारे लई हायत, बाई. ऐकायला कुणी पायजे का न्हाई?"

एकदा शाळेतल्या एका शिक्षकानं त्यांना शहाणपण शिकवलं होतं की नाना, आता हे सगळं मोबाइलवर फुकट ऐकू येतं. नाना म्हणाले, "मोबाइलवर तुमाला ऐकवतेत. मी ऐकतो." तो शिक्षक पुन्हा आमच्या गल्लीला आला नाही.

घराच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, गल्लीपलीकडच्या कडुलिंबाच्या झाडापर्यंत त्यांनी एक लांब तार ओढली होती. आकाशातलं सगळं त्या तारेनं घरात उतरायचं. बैठकीतलं घड्याळ साडेपाच तास मागं होतं, कारण ते लोक सगळ्या जगाची मिळून एकच वेळ धरतात. पाहुणे म्हणायचे, नाना, घड्याळ बंद पडलंय. "चालू हाय," नाना म्हणायचे. "तुमच्या गावापुरतं न्हाई, एवढंच."

गावात लाइट गेली की लोक शिव्या द्यायचे आणि नाना आनंदानं उठायचे. घरोघरचे बल्ब, इन्व्हर्टर, चार्जर, पिठाची गिरणी, सगळ्यांची कुरकुर त्यांच्या रेडिओत यायची; ती एकदम बंद व्हायची. रेडिओ ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवरही चालायचा. उन्हाळ्यात चार-चार तास लाइट नसली आणि आम्ही पदरानं वारा घेत ओसरीवर बसलो की आतून नानांची आरोळी यायची, "ब्राझील! साफ ब्राझील!"

"त्याला म्हणावं, घरी घेऊन जा ह्यांना," मावशी म्हणायच्या.

तरी मावशींचा त्या पेटीवर जीव होता, आणि त्याचं कारण वेगळंच होतं. आतले दिवे तापले की पेटीचं पत्र्याचं डोकं कोमट व्हायचं. थंडीत मावशी विरजणाचं गाडगं त्याच्यावर ठेवायच्या. असं दही मी पुन्हा खाल्लं नाही. नाना ऐकून लवकर उठले तर त्या रागवायच्या, "बसा जरा. अजून लागलं न्हाई." रोज सकाळी त्यातली एक वाटी माझ्या उंबऱ्यावर यायची.

ऐकलं की नाना रिपोर्ट लिहायचे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रकाने आखलेले: तारीख, वेळ, कोण बोलत होतं, काय बोललं, आवाजाची ताकद, खरखर किती, ऐकणारा. असा रिपोर्ट त्या माणसाला पोस्टानं पाठवला की तो आपलं छापील कार्ड उलट पाठवतो: होय, त्या वेळी मीच बोलत होतो, तुम्ही बरोबर ऐकलंत. ह्या लोकांची ही जुनी रीत. बैठकीच्या भिंतीवर अशी पाऊणशे कार्डं खिळ्यांना अडकवलेली होती. एकच खिळा रिकामा होता, मधोमध.

त्या खिळ्याची गोष्ट मला मावशींनी सांगितली. पॅसिफिक महासागरातल्या कुठल्या इवल्याशा बेटावरच्या माणसाचं कार्ड तिथं होतं. त्याच्यासाठी नाना सहा वर्षं बसले होते. कार्ड आलं, पेढे वाटले. मग एके दिवशी जुनी वही चाळताना नानांच्या लक्षात आलं की त्या माणसाच्या नावातलं एक अक्षर आपण ऐकलंच नव्हतं. खरखरीत बुडालं होतं. अंदाजानं भरलं आणि अंदाज खरा निघाला. नानांनी माफीचं पत्र लिहून कार्ड परत पाठवलं.

"पण बरोबरच होतं ना अक्षर?" मी नानांना विचारलं.

"बरोबर व्हतं. पण मी ऐकलं न्हवतं. तार ऑफिसात एक अक्षर अंदाजानं टाकलं तर मेलेला जिता व्हतो, बाई. ऐकलं तेवढंच लिहायचं."

मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटला होता. हट्ट होताच. पण हट्ट कुठं उपयोगी पडेल ते सांगता येत नाही.

त्या वर्षी थंडी पडली आणि नानांच्या रेडिओत एक नवीन आवाज यायला लागला. सकाळी साडेसहाला सुरू व्हायचा, ऊन चढलं की बंद. नानांनी छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावला आणि गल्लीगल्लीनं हिंडायला लागले. जिकडे खरखर वाढेल तिकडे जायचं. पोरं मागून हसायची, बायका नळावरून विचारायच्या, "नाना, काय हरवलं?" चौथ्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी, हापशाजवळच्या विजेच्या खांबापाशी थांबले.

"वरचा चिनी मातीचा कप तडकलाय," त्यांनी मला सांगितलं. "दव पडलं की त्या फटीतून करंट खांबात उतरतो. ऊन पडून वाळलं की थांबतो. खांबाची अर्थिंगची पट्टी कुणीतरी भंगारात घातली. मंग तो करंट जाईल कुठं? ताणात."

ताण म्हणजे खांबाला आधार म्हणून तिरकी जमिनीत रोवलेली जाड तार. आमच्या शाळेची पोरं तिलाच धरून झोके घ्यायची. एरवी शाळा अकराची, तोवर सगळं वाळलेलं. पण शनिवारी सकाळची शाळा असते. साडेसातला पोरं फाटकाशी असतात, आणि गवत ओलं असतं.

नानांनी वीज कचेरीला कार्ड लिहिलं. तेच रकाने. वेळ: सकाळी साडेसहा ते साडेआठ. कोण बोलत होतं: शाळेचा खांब. आवाजाची ताकद: पाचपैकी पाच. दुसऱ्या दिवशी दुसरं. रोज एक. कचेरीत ती कार्डं वाचून हसतात असं वायरमनच सांगायचा. तो दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी, मोटारसायकलवरून न उतरता वर बघून म्हणाला, "काई न्हाई. नाना, तुमचा डबा जुना झालाय."

"सकाळी ये," नाना म्हणाले.

"सकाळी कावून? मला काय लेकरंबाळं न्हाईत?"

शनिवार आला तसे नाना शाल पांघरून, लोखंडी खुर्ची घेऊन त्या ताणाशेजारी जाऊन बसले. पोरं आली की काठी आडवी धरायचे. नऊला उठून घरी. पुढच्या शनिवारी पुन्हा. गावात थट्टेला विषय झाला: तारमास्तर खांबाची राखण करतो, खांब पळून जाईल म्हणून. लाज मला वाटायची, कारण मी त्यांची भाडेकरू. मी एकदा म्हणाले, "नाना, लोक हसतात हो."

"हसू द्या. हसताना लांब उभे राहतेत ना ताणापासून? झालं तर मंग."

मग तो कागद आला. वीज कचेरीला रोजच्या कार्डांचा वैताग आला होता आणि तक्रार मिटवायची होती. 'सदर खांबाची पाहणी केली असता कोणताही दोष आढळून आला नाही.' खाली तक्रारदाराची सही आणि दोन प्रतिष्ठितांच्या. नानांनी सही करायला साफ नकार दिला. म्हणून प्रतिष्ठित तरी मिळवावेत असं ठरलं असावं. हेडसरांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "करा मॅडम. वीजवाल्यांशी वाकडं घेऊन शाळेची पाण्याची मोटार बंद पाडायची का?" समोर चहा होता, वर्गात पोरं गोंधळ घालत होती. मी सही केली. मला वाटलं, त्यात काय एवढं.

संध्याकाळी नानांना कळलं होतं. ते ओसरीवर बसून रकाने आखत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमी खांबाला कान लावलता का?"

"नाही."

"मंग?"

एवढंच बोलले. रागवले असते तर मी भांडले असते. मला भांडता चांगलं येतं. दुसऱ्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर दह्याची वाटी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. त्या रिकाम्या उंबऱ्याचा मला इतका राग आला की मी बाजारातून दही आणलं, आणि ते तसंच टाकून दिलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन साडेसातला होतं. तालुक्याहून पाहुणे येणार म्हणून सरपंचाचा भाऊ पहाटेपासून तयारीला लागला होता. गल्लीवर पाहुण्यांचा फ्लेक्स लावायचा होता आणि नानांची तार मध्ये येत होती. त्यानं पोरांकरवी ती कापून टाकली. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा तार गल्लीत धुळीत पडली होती, आणि मावशी तिच्याकडे बघत उभ्या होत्या. नाना घरी नव्हते. खुर्चीही नव्हती.

मी शाळेशी पोचले. दव इतकं पडलेलं की चपला भिजल्या. फाटकापासून ताणापर्यंत पताका बांधायच्या होत्या, बारीक लोखंडी तारेत ओवलेल्या, पोरांच्या डोक्यावरून जाणाऱ्या. आणि ताणाला पाठ लावून नव्हे, ताणापुढे हातभर अंतर सोडून, नाना बसले होते.

"उठ म्हाताऱ्या," सरपंचाचा भाऊ म्हणत होता. "पाव्हणे यायलेत. गावाची इज्जत घालवतो का बे?"

"उठत न्हाई."

"तुझी तार कापली म्हणून करायलास ना हे? तुला काय एवढं ऐकायचं पडलंय रे?"

नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा आजा चावडीच्या भिंतीबाहेर उभा राहायचा. आत काय ठरलं ते त्याला वाऱ्यावर अर्धंमुर्धं ऐकू यायचं, अन् त्या अर्ध्यावर जल्मभर राबला. मी पुरं ऐकतो. अन् ऐकलेलं सांगतो. तुला उठवायचं तर उचल."

कुणी उचललं नाही. हेडसर माझ्यापाशी आले. "मॅडम, तुमचे घरमालक आहेत, समजवा. नाहीतर पोरांची रांग घ्या आत, ते उठतील आपोआप."

माझ्यामागं पहिली ते चौथीची साठ पोरं उभी होती. मी नानांकडे गेले. त्यांनी मांडीवरचा ट्रान्झिस्टर माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावून एक पाऊल खांबाकडे टाकलं. खरखर वाढली. आणखी एक पाऊल, आणि कान दुखेल एवढा तो आवाज झाला, मोहरीचा नव्हे, मिरच्यांचा. एक पाऊल मागं, कमी. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मी ट्रान्झिस्टर नानांना परत दिला. मी हेडसरांना म्हणाले, "पोरं आत येणार नाहीत. आणि त्या कागदावरची माझी सही मी परत घेते. मी तेव्हा ऐकलं नव्हतं."

"तुमचा गोपनीय अहवाल मीच लिहितो, मॅडम. लक्षात आहे ना?"

"लिहा."

माइकला लाइट जोडून द्यायला वायरमन आला होता. त्या थंडीत पहिल्यांदाच तो सकाळी त्या खांबाशी होता. नाना त्याला म्हणाले, "आता आलास ना? खिशात टेस्टर हाय. लाव ताणाला."

वायरमन हसला. हसतच पुढे झाला आणि टेस्टरचं टोक ताणाला टेकवलं. टेस्टरमधला बारका दिवा लाल झाला. त्यानं हात मागं घेतला, पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. मग तो चिखलातून उलट्या पावली मागं सरकला, आणि गावाची लाइट बंद करायला डीपीकडे पळत गेला.

त्या दिवशी गावाची लाइट बंद करून झेंडावंदन झालं. माइक नव्हता, पाहुण्यांचं भाषण तिसऱ्या रांगेपलीकडे पोचलं नाही. राष्ट्रगीत मात्र पोरांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की हापशावरच्या बायकाही उभ्या राहिल्या. नाना खुर्चीमागं ताठ उभे होते.

झेंडावंदन झाल्यावर मी शाळेतच सही मागं घेतल्याचा अर्ज लिहिला. हेडसरांनी तो घेतला नाही, मग तो पोस्टानं वीज कचेरीला पाठवायचं ठरवलं. घरी येऊन एक प्रत नानांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि बोट टेकवलं. "वेळ टाकली न्हाई."

मी लिहिलं: सकाळी सात वीस. पुन्हा बोट टेकवलं. "ऐकणारा?"

मी माझं नाव लिहिलं, आडनावासकट. नाना उठले आणि तो कागद भिंतीवरच्या मधल्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. मग पेटीपुढे येऊन बसले. पण ऐकणार काय? तार तुकडे होऊन धुळीत पडलेली होती.

मावशी स्वयंपाकघरातून विरजणाचं गाडगं घेऊन आल्या, पेटीला हात लावून बघितलं, थंडगार. गाडगं खाली ठेवून त्या अंगणात गेल्या. त्यांची कपडे वाळत घालायची लांबलचक लोखंडी तार होती. तिच्यावरची लुगडी त्यांनी खांद्यावर टाकली, तार सोडवली आणि नानांच्या पुढ्यात आणून टाकली. "ही लावा. दही लावायचंय मला."

दुपारपर्यंत ती तार माळवदावरून लिंबापर्यंत गेली. तोवर वायरमननं खांबाचा कप बदलून लाइट सोडली होती. मी शिडी धरली होती. संध्याकाळी सरपंचाचा भाऊ गल्लीत आला, वर बघून थबकला. "पुन्हा तार? कुणाला इचारून?"

मावशी माळवदावर लुगडी टाकत होत्या. तारेवर एक हिरवं, एक जांभळं, आणि कडेला माझी ओढणी, मीच दिलेली. "कपडे वाळू घालायची तार हाय," त्या वरून म्हणाल्या. "माझी लुगडी हायत तिच्यावर. काप की. काप."

तो आल्या वाटेनं परत गेला. आतून नाना ओरडले, "ओलं लुगडं टाकू नको, आवाज गळायलाय. जपान हाय लाइनीवर."

"वाळंपर्यंत थांबा म्हणावं त्याला," मावशी म्हणाल्या, आणि तिसरं लुगडं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उंबऱ्यावर दह्याची वाटी होती.